शिशाची मुदत ठेव

पन्नाशीही न गाठलेला कर्ता पुरुष हृदयविकाराने गेला, की त्या घरी भेटीस येणारी मंडळी दोन प्रश्न हमखास विचारतात. वडिलांनाही असेच झाले होते का? आणि साखर होती का? पहिल्याचे उत्तर होकारार्थी आले की माना हलतात, "घराण्यातच आहे त्यांच्या" असा निकाल दिला जातो आणि विषय तेथेच मिटतो. हा निकाल सर्वस्वी चुकीचा म्हणता येत नाही. परंतु गेलेल्या माणसाचे हात पंचवीस-तीस वर्षे कोणत्या वस्तूत होते, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो माणूस बॅटरीच्या कारखान्यात शिसे ओतत असेल, भंगारात आलेल्या बॅटऱ्या फोडत असेल किंवा चांदीच्या भट्टीशी बसत असेल, तर हा तिसरा प्रश्न पहिल्या दोहोंइतकाच महत्त्वाचा ठरतो. इतकेच नव्हे, तर पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली असतात, असे गेल्या तीस-पस्तीस वर्षांतील संशोधन सांगते.

शिसे हा धातू व्यापाऱ्याला परका नाही. इन्व्हर्टरची आणि मोटारीची बॅटरी शिशाच्या पट्ट्यांवर चालते. ती निकामी झाली की भंगाराच्या दुकानी येते, फोडली जाते आणि तिच्यातले शिसे पुन्हा वितळविले जाते. चांदी शुद्ध करण्याच्या जुन्या रीतीत मिसळीची चांदी शिशासह भट्टीत घालतात. हवेच्या झोतात शिसे इतर धातूंना आपल्यासवे ओढून घेते आणि मुशीत निर्मळ चांदी उरते. ते शिसे काही मुशीत मुरते, काही धुरावाटे हवेत जाते आणि काही भट्टीपुढे बसलेल्या माणसाच्या छातीत. या धंद्यांत कोठे मालक म्हणून, कोठे घाऊक व्यापारी म्हणून, तर कोठे केवळ भांडवल पुरविणारे म्हणून आपल्या समाजातील कुटुंबे आहेत. त्यामुळे हा विषय डॉक्टरांचा म्हणून बाजूस सारता येत नाही.

श्वासावाटे अथवा हातातोंडावाटे आत गेलेले शिसे प्रथम रक्तात उतरते. रक्तातील त्याचा मुक्काम थोडका. साधारण महिन्याभरात ते निम्मे होते. मात्र ते सारेच शरीराबाहेर जात नाही. शिशाची चाल कॅल्शियमसारखी असल्यामुळे शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत ठेवून घेते आणि तेथे ते दहा-दहा, वीस-वीस वर्षे राहते. प्रौढ माणसाच्या शरीरातील नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे हाडांतच असते. ही एक प्रकारची मुदत ठेव होय. फरक इतकाच, की ठेवीदाराने ती स्वखुशीने ठेवलेली नसते आणि व्याज मिळण्याऐवजी त्यालाच भरावे लागते. उतारवयात हाडे झिजू लागली, किंवा दीर्घ आजारात अंथरुणास खिळून राहावे लागले, की ठेव मोडते आणि शिसे पुन्हा रक्तात येते. काम सोडून पंधरा वर्षे झालेल्या माणसाच्या रक्तात शिसे सापडते ते यामुळेच.

रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सतत तयार होत असतो आणि त्याच्यामुळे वाहिनी सैल राहते. शिसे नेमके हे काम बिघडविते. शिवाय ते मूत्रपिंडाला इजा करते, आणि मूत्रपिंड बिघडले की रक्तदाब चढतो. वाहिन्या ताठर होतात, हृदयावरचा भार वाढतो. हे सारे इतक्या सावकाश घडते की कोणत्याही एका दिवशी काही झाले असे म्हणता येत नाही. २०२३ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने शिसे, कॅडमियम आणि आर्सेनिक ही तीन द्रव्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांची कारणे म्हणून डॉक्टरांनी ध्यानात घ्यावीत, असे निवेदन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी मांडलेला अंदाज असा, की २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे ५५ लाख प्रौढांचे हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने झालेले मृत्यू शिशाशी निगडित होते. अंदाज म्हणजे हिशेब नव्हे. गृहीतके बदलली की आकडा बदलतो, हे मान्य केले तरी ही रक्कम निर्लेखित करून टाकण्याजोगी नाही.

आता जनुकांकडे वळावे. एकाच भट्टीवर, एकाच पाळीत दोन कामगार वीस वर्षे काम करतात. एकाचा रक्तदाब चाळिशीतच चढतो आणि दुसरा साठीतही ठणठणीत असतो. असे का, या प्रश्नाने संशोधकांना जनुकांपर्यंत नेले. सर्वाधिक अभ्यास झाला तो नवव्या गुणसूत्रावरील 'अ‍ॅलाड' या जनुकाचा. रक्ताचा लाल रंग ज्या घटकामुळे असतो, तो घटक तयार करण्याच्या साखळीतील एक विकर, म्हणजे एन्झाइम, या जनुकाच्या आज्ञेने बनते. ते चालण्यासाठी जस्त लागते; शिसे येऊन जस्ताला हुसकावून त्याच्या जागी बसते आणि काम ठप्प होते. या जनुकाची दोन रूपे आहेत. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे पाचांपैकी एकाजवळ दुसरे रूप असते, आशियाई लोकांत त्याहून कमी. हे दुसरे रूप शिशाला अधिक घट्ट धरून ठेवते. सारख्याच वातावरणात काम करूनही हे रूप असलेल्या कामगारांच्या रक्तात शिशाचे प्रमाण जास्त भरते, असे अनेक अभ्यासांत दिसले.

येथवर हिशेब सोपा वाटतो : दुसरे रूप म्हणजे दुबळा माणूस. परंतु पुढे पाहता हिशेब जुळेनासा होतो. शिसे रक्तातच घट्ट धरले गेल्यामुळे अशा माणसाच्या हाडांत ते तुलनेने कमी जाते आणि रक्तनिर्मितीवरील त्याचा दुष्परिणामही काही अभ्यासांत कमीच आढळला. मूत्रपिंडाच्या बाबतीत मात्र हेच रूप तोट्याचे ठरत असावे, असे सूचित करणारे निष्कर्षही आहेत. म्हणजे एकच नोंद एका खात्यात नावे पडते आणि दुसऱ्या खात्यात जमा होते. अशा नोंदीवरून माणसाची एकूण शिल्लक कोणी सांगू लागला, तर त्याला ताळेबंद वाचता येत नाही असेच म्हणावे लागेल.

दक्षिण कोरियात बॅटरी बनविणाऱ्या आणि शिसे गाळणाऱ्या कारखान्यांतील सुमारे ८०० कामगारांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात 'अ‍ॅलाड' आणि रक्तदाब यांचा संबंध दिसला नाही. पण ड जीवनसत्त्वाची आज्ञा पेशींपर्यंत पोहोचविणाऱ्या दुसऱ्या एका जनुकाचे विशिष्ट रूप ज्यांच्याजवळ होते, त्यांचा वरचा रक्तदाब इतरांपेक्षा सरासरी तीनेक अंकांनी अधिक होता. बोस्टन परिसरातील वयस्क पुरुषांवर १९६०च्या दशकापासून चालू असलेल्या दीर्घ अभ्यासात लोहाचे शोषण सांभाळणारे 'एचएफई' हे जनुक तपासले गेले. त्याच्या एका रूपाच्या धारकांत हाडांतील शिसे वाढले, की वरच्या आणि खालच्या रक्तदाबातील अंतरही इतरांपेक्षा अधिक वाढत होते. हे अंतर रक्तवाहिन्या ताठर झाल्याची खूण असते. हे रूप भारतीय लोकांतही आढळते.

सर्व अभ्यासांचे निष्कर्ष सारखे आलेले नाहीत, आणि जे आले त्यांतील फरक लहान आहेत. तीन अंकांचा फरक लक्षावधी लोकांच्या सरासरीत मोठा असतो. समोर उभ्या असलेल्या एका माणसाविषयी तो जवळजवळ काहीच सांगत नाही. त्याहून महत्त्वाचे हे, की शिशाला सहजी बळी पडण्याचा दोष ज्या जनुकावर ठेवायचा, त्या जनुकाच्या धारकाला शिसे भेटलेच नाही, तर तो दोष प्रकट होण्याचे कारणच उरत नाही. तो मनुष्य कापडाच्या दुकानात बसला असता तर त्याचे हे जनुक आयुष्यभर मुके राहिले असते.

असे असूनही कारखानदाराच्या मनात एक विचार सहज येतो. कर्ज देण्यापूर्वी पत तपासतात, तसे कामावर घेण्यापूर्वी रक्त तपासून ज्यांची जनुके दुबळी त्यांना नकोच म्हटले तर? कामगारही वाचेल, नुकसानभरपाईही वाचेल. वरवर पाहता हा विचार दयाळू आहे, आणि त्यातच त्याचा धोका आहे. त्याला जुना इतिहास आहे. १९१०च्या सुमारास अमेरिकेतील इलिनॉय राज्याने शिशाच्या धंद्यांची पाहणी डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांच्याकडे सोपविली. कारखान्यांतून त्यांना एकच उत्तर मिळे : कामगार हात धूत नाहीत, म्हणून आजारी पडतात. हॅमिल्टनबाईंनी घरोघरी, रुग्णालयांतून आणि औषधांच्या दुकानांतून माहिती काढून दाखवून दिले, की मुख्य दोष न धुतलेल्या हातांचा नसून हवेतील धूळ आणि धुराचा आहे. पुढे १९१९ साली हार्वर्डच्या अध्यापकवर्गात प्रवेश मिळालेली पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव इतिहासात नोंदले गेले. पण कामगारांच्या दृष्टीने त्यांचे खरे काम भट्ट्यांवरच झाले होते.

सत्तर वर्षांनी तेच उत्तर नव्या वेषात आले. १९८२ साली जॉन्सन कंट्रोल्स या बॅटरी बनविणाऱ्या कंपनीने, मूल होऊ शकणार नाही असा वैद्यकीय दाखला देणाऱ्या स्त्रिया वगळता बाकी सर्व स्त्रियांना शिशाच्या कामावरून दूर केले. कारण दिले ते गर्भाच्या संरक्षणाचे. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मार्च १९९१मध्ये न्यायालयाने हे धोरण बेकायदेशीर ठरविले. होणाऱ्या अपत्याच्या हिताचा निर्णय आईबापांचा आहे, मालकाचा नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. शिसे पुरुषांच्या बीजालाही अपाय करते, तरी पुरुषांना कोणी काढले नव्हते. आणि ज्यांना काढले त्यांच्या जागी जे आले, त्यांच्या फुप्फुसांत तीच धूळ जात राहणार होती. दहा वर्षांनी बर्लिंग्टन नॉर्दर्न सान्ता फे या रेल्वे कंपनीने मनगटाच्या विकाराची भरपाई मागणाऱ्या कामगारांचे रक्त त्यांच्या संमतीवाचून जनुक-चाचणीसाठी वापरल्याचे उघड झाले. २००२ साली ते प्रकरण २२ लाख डॉलरवर मिटले. २००८ साली अमेरिकेने जनुकांवरून नोकरी व आरोग्यविमा नाकारण्यास मनाई करणारा स्वतंत्र कायदाच केला.

भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. विम्याच्या बाबतीत मात्र विचार सुरू झाला आहे. आनुवंशिक हृदयविकार असलेल्या एका विमेदाराचा दावा नाकारण्यात आला होता. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तो नकार अमान्य केला, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये विमा नियामक प्राधिकरणाने केवळ 'आनुवंशिक विकार' या अपवादावर बोट ठेवून आरोग्यविम्याचे दावे नाकारू नयेत, असे कंपन्यांना कळविले. हृदयविकाराची जुनी कागदपत्रे घरात असणाऱ्यांनी पॉलिसीतील ही अटींची पाने एकदा वाचून ठेवावीत.

कामाच्या जागेबाबत आपला कायदा मुका नाही, पण त्याचे कान जुन्या आवाजांना सरावलेले आहेत. १९४८च्या कारखाने कायद्याने कळविण्यायोग्य रोगांची जी अनुसूची केली, तिच्यात पहिल्याच क्रमांकावर शिशाची विषबाधा आहे. असा रुग्ण आढळल्यास तपासणाऱ्या डॉक्टराने कारखाने निरीक्षकांना कळवावे, असेही बंधन घातले. परंतु विषबाधा म्हणजे पोटातील असह्य कळ, हिरड्यांवरची निळसर रेघ, लुळे पडलेले मनगट, हे चित्र त्यामागे आहे. वयाच्या ५२व्या वर्षी आलेला हृदयविकाराचा झटका त्या चित्रात बसत नाही. तो घराण्याच्या खात्यावर टाकला जातो आणि कारखान्याची वही कोरी राहते.

काय करता येते, हे गुपित नाही. अमेरिकेच्या १९७८च्या नियमांत एक तरतूद विशेष लक्षणीय आहे. कामगाराच्या रक्तातील शिसे ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की त्याला त्या कामावरून बाजूस करायचे. मात्र अठरा महिन्यांपर्यंत त्याचा पगार आणि ज्येष्ठता अबाधित ठेवायची. त्याची जनुके कोणती, हे कोणी विचारीत नाही. ज्याच्या शरीरात शिसे लवकर साठते तो या तपासणीत आपोआप लवकर सापडतो, कारण जनुकाचा जो काही परिणाम व्हायचा तो रक्तातील आकड्यात बऱ्याच अंशी उतरलेलाच असतो. महागड्या जनुक-चाचणीपेक्षा ठरावीक महिन्यांनी केलेली रक्तातील शिशाची साधी तपासणी मालकाला अधिक सांगून जाते. पगार अबाधित राहणार हे ठाऊक असल्याशिवाय कामगार रक्त द्यायला मनापासून तयार होत नाही, हा त्यातील व्यवहाराचा भाग. आपल्याकडे पुष्कळदा तपासणी असते आणि हमी नसते. मग तपासणीच्या दिवशी निम्मी माणसे गावाला गेलेली असतात.

भट्टीवर धूर ओढून घेणारी यंत्रणा, कोरड्या झाडूऐवजी ओल्याने केर काढणे, कामाचे कपडे कामावरच ठेवणे ही कामे खर्चाची असली तरी अशक्य नाहीत. कपड्यांचा मुद्दा किरकोळ वाटेल. पण त्यावरची धूळ घरी जाऊन लहान मुलांच्या तोंडात जाते, आणि मुलांचे शरीर प्रौढांपेक्षा कितीतरी अधिक शिसे शोषून घेते. आणखी एक गोष्ट आपल्या घरांत आवर्जून सांगण्यासारखी आहे. पोटात गेलेले शिसे उपाशीपोटी कैक पटींनी अधिक शोषले जाते, आणि शरीरात लोह व कॅल्शियम कमी असेल तरीही शोषण वाढते. उपवासाच्या दिवशी शिशाच्या धुळीत उभे राहणे, मग तो उपवास कामगाराचा असो वा मालकाचा, या दृष्टीने जोखमीचे आहे. त्या दिवशी पेढीवरचे किंवा धूळ नसलेले दुसरे काम निवडणे सहज शक्य असते.

सराफी व्यवसायात असाच दुसरा धातू येऊन गेला आणि काही ठिकाणी अजून आहे, तो म्हणजे कॅडमियम. 'केडीएम' हा शब्द ग्राहकाच्या तोंडी शुद्धतेची खूण म्हणून बसला. वस्तुतः सोन्याचे सांधे जोडताना त्यात कॅडमियम मिसळत असत, त्यावरून तो आला. सोने वितळण्याच्या कितीतरी आधी कॅडमियम उकळते. दागिन्याचा कस राखला जातो तो याचमुळे, आणि कारागिराच्या छातीत धूर जातो तोही याचमुळे. हॉलमार्कच्या नियमांत कॅडमियमला स्थान नाही, आणि २०२१पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आहे. कॅडमियम मूत्रपिंडात दशकानुदशके राहते. अमेरिकेतील राष्ट्रीय पाहणीत पायांच्या धमन्या अरुंद होण्याशी त्याचा आणि शिशाचा संबंध आढळला, तोही कारखान्यात न जाणाऱ्या सामान्य लोकांत. तंबाखूचे पान हा धातू जमिनीतून ओढून घेते. तेव्हा विडी ओढणाऱ्या कारागिराच्या खात्यात तो दोन बाजूंनी जमा होतो. शरीरातील ज्या प्रथिनाने कॅडमियमला बांधून ठेवायचे त्याच्या जनुकांतही माणसागणिक फरक आहेत, पण त्याविषयीचे संशोधन अद्याप कोवळे आहे.

हाडांत साठलेली ठेव औषधाने मोडून घेता येईल का, असा प्रश्न येतोच, आणि 'किलेशन' या नावाने शिरेतून औषध देऊन धमन्या स्वच्छ करण्याची जाहिरात करणारी केंद्रे आपल्याकडेही आहेत. तीव्र विषबाधेत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हे औषध उपयोगी पडते, यात वाद नाही. हृदयविकारासाठी मात्र कहाणी वेगळी आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या १,७०८ रुग्णांच्या चाचणीत थोडा लाभ दिसला; मधुमेहींत तो अधिक होता, म्हणून आशा वाढली. मग मधुमेह असलेल्या आणि एकदा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवर दुसरी चाचणी झाली. २०२४चा तिचा निष्कर्ष असा, की रक्तातील शिसे सुमारे ६१ टक्क्यांनी उतरले, परंतु पुढचे झटके आणि मृत्यू काही कमी झाले नाहीत. या उपचारावर घरची बचत मोडण्यापूर्वी हे दोन्ही निकाल शेजारीशेजारी ठेवून पाहावेत. रक्तदाब, साखर आणि चरबी यांवरील नेहमीची औषधे वेळेवर घेणे कंटाळवाणे असले, तरी त्यांचा लाभ सिद्ध झालेला आहे.

रुग्णालयात दाखल होताना भरावयाच्या कागदावर 'व्यवसाय' असा एक रकाना असतो. तेथे बहुधा 'नोकरी' किंवा 'व्यापार' एवढेच लिहिले जाते, आणि लिहिणारा असतो घाईत असलेला मुलगा वा पुतण्या. त्या जागी 'बॅटरीचे शिसे ओतणे, १८ वर्षे' किंवा 'सोन्याचे सांधकाम, तरुणपणी ९ वर्षे' असे लिहिता येते. रकाना अपुरा पडला तर कागदाच्या पाठीमागे जागा असते. वडिलांच्या आजाराची नोंदही त्याच कागदावर, तिच्या शेजारीच करावी.